सदऱ्याला नवं भोक नाही

मोलीन, इलिनॉय
९ सप्टेंबर १९८०

जर्मेन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुला वाटलं असेल, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. आशिल ठणठणीत आहे, मी आहे, त्याची कबुतरंही आहेत. वर 'ताई' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. सहा वर्षांपूर्वी आईला पुरून आल्या दिवशी तू तिच्या स्वयंपाकघरातून लुकेनचा, नववर्षाच्या पातळ बिस्किटांचा, साचा उचललास आणि पूल ओलांडून आयोवात गेलीस, तेव्हाच तो शब्द गेला. तो परत मागायला मी हे पत्र लिहीत नाही.

एकच विचारायचं आहे. आशिल तुझ्याकडे येतो का?

हसू नकोस. तू हसते आहेस हे मला इथे बसून दिसतं. कारण सांगते, म्हणजे मी वेडी झाले नाही हे तुला कळेल. वेल्डिंग करणाऱ्याच्या कामाच्या सदऱ्याला ठिणग्यांची भोकं पडतात, बारीक, मोहरीएवढी, छातीवर आणि उजव्या बाहीवर. एकोणतीस वर्षं दर शनिवारी मी ती रफू करत आले. आशिलच्या सदऱ्याचं प्रत्येक भोक मला पाठ आहे. ऑगस्ट संपल्यापासून सदऱ्याला एकही नवं भोक नाही. सकाळी सहाला डबा घेऊन जातो, चारला येतो, सदरा मळलेला असतो, पण तो मळ कारखान्याचा नाही. मला विचारशील तर तो मुद्दाम पुसलेला मळ आहे.

दुसरं, त्याला पावडरीचा वास येतो. अंगाला लावायच्या गोड वासाच्या पावडरीचा. मी पावडर लावत नाही.

तिसरं, तो गुणगुणतो. आपल्या आईचं निजवायचं गाणं. लग्नाआधी बेल्जियन क्लबात तू ते नाचाच्या चालीवर म्हणून सगळ्यांना हसवायचीस, आणि तिथेच एका रात्री आशिलने नाचायला आधी तुलाच विचारलं होतं. मी हे विसरलेली नाही. तूही विसरलेली नसशील.

शुक्रवारी पगाराचं पाकीट माझ्या हातात देतो तसाच देतो. थोडं हलकं आहे, पण जास्तीचं काम बंद आहे म्हणाला. शेतकऱ्यांनाच पैसा नाही तर कापणीची यंत्रं घेणार कोण, हेही खरंच आहे. पण पाकीट खरं आणि सदरा खोटा, असं कसं होईल? कुठेतरी पाणी मुरतंय.

हो की नाही, एवढंच लिही. हवापाण्याचं लिहू नकोस.

इर्मा


२८ सप्टेंबर १९८०

जर्मेन,

तुझं कार्ड मिळालं. 'नाही. माझ्याकडे येत नाही. आणि साचाही माझ्याकडे नाही.' साच्याचं मी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्याचं उत्तर जो आधी देतो त्याला काय म्हणतात ते आई सांगायची. चोराच्या मनात चांदणं.

असो. मला आता जे कळलं ते ऐक. मॅडलीन आठवते? ऑस्करची बायको, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून मान वळवून वळवून मागच्यांच्या टोप्या मोजणारी. खाटकाच्या दुकानात माझ्यामागे उभी होती. म्हणाली, ''काय गं, नवरा घरी बसल्यापासून मटण जास्त लागतंय का?'' मी म्हणाले, बसतो कसला, कामाला जातो. तिने खाटकाकडे पाहिलं, खाटकाने सुरीकडे पाहिलं. म्हणजे आख्ख्या गावाला ठाऊक आणि मी एकटी आंधळी.

मटण तिथेच सोडलं आणि तडक युनियनच्या कचेरीत ऑस्करसमोर जाऊन बसले. ऑस्कर वेल्डिंग खात्याचा प्रतिनिधी आहे. करारातली कलमं त्याला प्रार्थनेसारखी पाठ. आधी आढेवेढे घेतले, मग त्याने सगळं सांगितलं. तुझा नवरा त्या कारखान्यात नव्हता, म्हणून तुला नीट सांगते.

मंदी आली की माणसं घरी पाठवतात. ज्याची नोकरी सगळ्यात कोवळी तो आधी जातो, जुना शेवटी. हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. घरी गेलेल्याला सरकार थोडा बेकारभत्ता देतं आणि त्यावर कंपनीच्या निधीतून पुरवणी मिळते. दोन्ही मिळून पगाराच्या अगदी जवळ जातं. पण पुरवणी फुकट नसते. काम केलेल्या आठवड्यांची कुपनं साठलेली असतात, ती देऊन पुरवणी घ्यायची. निधी भरलेला असला की सगळ्यांना एका आठवड्याला एक कुपन. निधी आटायला लागला की जुन्याला तरीही एकच, आणि नव्याला दोन, तीन, चार. आणखी आटला की पाच वर्षांखालच्यांना काहीच नाही.

''म्हणजे ज्याला गरज जास्त त्याला कमी?'' मी विचारलं.

''इर्मा, वर्षं म्हणजे पुण्याई,'' ऑस्कर म्हणाला. ''ज्याची जास्त त्याला देव आधी दिसतो. मी नाही केलं हे, सगळ्यांनी हात वर करून केलं.''

आणि मग त्याने ती गोष्ट सांगितली. आमच्या करारात एक उलटं कलम आहे. जुना माणूस हात वर करून म्हणू शकतो, मी घरी जातो, खालच्याला ठेवा. जुन्याचं काही बिघडत नाही, त्याला पुरवणी पुरते. खालचा कामावर टिकतो. जुना परत येतो म्हणाला की जागा त्याचीच. मग ज्याला ठेवलं होतं तो बाहेर.

आशिलने ऑगस्टअखेर हात वर केला.

कोणाच्या जागी, असं मी विचारलं. ऑस्कर म्हणाला, ते तुझ्या नवऱ्याला विचार. हेही म्हणाला की हात वर केलेले सगळेच तोंड मिटून असतात, कारण आधीच घरी गेलेली पोरं म्हणतात, म्हातारे घरी बसून आमचा निधी पितात. त्यातही खोटं काही नाही, तो म्हणाला. एकाला वाचवायला गेलं की दुसऱ्याचा घोट कमी होतो.

मला त्यांच्या निधीशी कर्तव्य नाही, जर्मेन. मी मूर्खही नाही. घरी बसायचा जवळजवळ पूर्ण पगार मिळत असेल तर माणूस घरी का बसत नाही? रोज सहाला डबा घेऊन जातो कुठे? कोणाच्या जागी, हे त्याला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण हा दुसरा प्रश्न मला पुरून उरला.

तो आता अंगणात कबुतरांना दाणे टाकतो आहे. मी खिडकीतून बघते आहे आणि काही बोललेली नाही. आधी डोळ्यांनी बघणार, मग बोलणार.

इर्मा


१७ ऑक्टोबर १९८०

जर्मेन,

डोळ्यांनी पाहिलं.

मंगळवारी तो निघाला तशी मी पुढच्या बसने पूल ओलांडला, थेट तुझ्या गल्लीच्या रोखाने. त्याची गाडी शोधायला फार फिरावं लागलं नाही. तुझ्या घरापासून एक गल्ली सोडून, पिवळं घर, पायरीशी तुटकी कुंडी. आता तुला कळलंच असेल मी कुठलं घर म्हणते. दार एका तरुण बाईने उघडलं, लाल केसांची, दुकानातल्या नोकरीचा अंगरखा घातलेली. तिने आशिलच्या दंडावर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला. तो आत गेला, ती बाहेर पडून बसथांब्याकडे धावत गेली. तो दिवसभर आत. मी समोरच्या धुलाईच्या दुकानात दोन चादरी तीनदा धुतल्या.

एक गल्ली सोडून! मग तू खरं लिहिलंस, तुझ्याकडे येत नाही. तू पहिल्यापासून अशीच, खरं बोलून फसवणारी. ती बाई कोण हे तुला ठाऊक नाही असं मला सांगू नकोस. तुझ्या गल्लीत मांजर व्यायलं तरी तुला कळतं. तूच ओळख करून दिली असशील. साचा नेऊन पोट भरलं नाही.

संध्याकाळी कोबीचं भांडं टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, मला सगळं ठाऊक आहे. डबा, घर, लाल केस. तो दचकला नाही. काटा खाली ठेवून म्हणाला, ''इर्मा, उद्या माझ्याबरोबर पलीकडे चल. बघ. मग काय बोलायचं ते बोल.''

''त्या घराची पायरी मी चढणार नाही.''

''एकदाच चल.''

''जर्मेनच्या गल्लीत मी पाय ठेवणार नाही, आशिल. तू सोमवारी कारखान्यात जा. परत येतो असं ऑस्करकडे लिहून दे. नाहीतर या घरात येऊ नकोस.''

तो म्हणाला, ''सोमवारी गेलो तर जे होईल ते उलटवता येणार नाही.'' मी म्हणाले, मला तेच हवंय.

तुझ्याशीही माझं एवढंच बोलणं आहे. फोन करू नकोस.

इर्मा


९ नोव्हेंबर १९८०

जर्मेन,

तू तीनदा फोन केलास. तुझा 'इर्मा, ऐक' हा आवाज आला की मी ठेवून दिला. काय ऐकू? त्या बाईची रदबदली?

झालं ते तुला कळवायचं होतं म्हणून लिहिते. आशिलने लिहून दिलं, नोटिशीचे दिवस भरले आणि तो कामावर गेला. काल सदरा धुतला. छातीवर चार भोकं, बाहीवर दोन. खिडकीत बसून रफू केली. मला वाटलं होतं मला बरं वाटेल.

घर शांत आहे. फार शांत आहे. तो गुणगुणत नाही. चारला येतो, जेवतो, कबुतरांकडे जाऊन उभा राहतो. मला लागेल असा एक शब्द बोलला नाही, आणि तेच मला खुपतं. चोर पकडला गेला की चिडतो, नाहीतर रडतो. हा तसं काहीच करत नाही. रात्री कूस बदलतानाही माझी झोप मोडू नये अशी बदलतो.

रविवारी चर्चमध्ये मॅडलीनने माझ्याकडे मान वळवली नाही. टोप्या मोजायची तिची सवय माझ्यापाशी येऊन थांबली. ऑस्करने हात मिळवला, पण माझा नाही, फक्त आशिलचा, आणि दोन्ही हातांनी. काहीतरी सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला नाही, हे मला पुन्हा जाणवतंय. पण मी आता विचारायला जाणार नाही. एकदा विचारून बघितलं.

तुझ्याकडे काही सांगण्यासारखं असेल तर सांग. नसेल तर नको.

इर्मा


३० नोव्हेंबर १९८०

जर्मेन,

तुझी एक ओळ गुरुवारी, आभार मानायच्या सणाच्याच दिवशी दारात कोणीतरी टाकून गेलं. 'तू माझ्या डेनिसला कामावरून काढलंस.'

मी ती टेबलावर ठेवली आणि आशिलकडे सरकवली. त्याने वाचली, घडी केली. मी विचारलं, डेनिस, आपला भाचा, कधीपासून कारखान्यात आहे? दीड वर्ष झालं, तो म्हणाला. माझ्याच खात्यात. यादीत शेवटचा. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? एवढ्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदा उलट प्रश्न केला.

''सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?''

जर्मेन, मी काय बोलले होते ते मलाच आठवत होतं. साचा गेला त्या वर्षी याच टेबलाशी मी म्हणाले होते की जर्मेनच्या वंशाला या घरातलं पाणीही मिळणार नाही. त्याने ते ऐकून मान हलवली होती. मला वाटलं होतं, होकार आहे.

शुक्रवारी मी त्या पिवळ्या घराची पायरी चढले. लाल केसांच्या मुलीने दार उघडलं. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, ''इर्मा मावशी ना? काकांनी फोटो दाखवलाय. रोज म्हणायचे, मावशी येईल एक दिवस.'' मग म्हणाली, ''जरा उशीर झाला तुम्हाला.'' टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

तुझी सून, कॉनी. तिच्या लग्नाला मला बोलावणं नव्हतं, म्हणून तिचं तोंड मला ठाऊक नव्हतं. ती दुकानात गल्ल्यावर बसते, तू शाळेच्या स्वयंपाकघरात, डेनिस कारखान्यात. आणि घरात एक सात महिन्यांचं मूल. तेव्हा दिवसा ते मूल कोण बघत होतं, हे आता मी तुला सांगायची गरज नाही, तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. आशिल! ज्याला कबुतराच्या पिल्लापलीकडे काही हातात धरता येत नाही असं मी समजत होते तो, बाटली गरम करत होता, पावडर लावत होता, आईचं गाणं म्हणत होता. मला मूल झालं नाही हे आम्ही दोघं कधी बोललो नाही. मला वाटायचं त्याला त्याचं काही नाही.

मी मुलीचं नाव विचारलं. कॉनी म्हणाली, लेओनी. आपल्या आईचं नाव, जर्मेन, आणि मला कोणी कळवलं नाही. कळवलं असतं तर मी काय केलं असतं, ते तू विचारू नकोस.

डेनिस आतून खोके घेऊन आला. मी त्याला शेवटचा पाहिला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. ''बसा मावशी,'' म्हणाला. ''खुर्च्या विकायच्या राहिल्यात दोन.'' ते ह्यूस्टनला जायचं म्हणतात. तिकडे तेलाच्या कंपन्यांत वेल्डर लागतात, असं सगळेच म्हणतात. मी विचारलं, पुरवणी नाही का मिळत? तो हसला.

''आटला निधी. पाच वर्षांखाली बंद. काकांना घरी बसून पगार मिळत होता, मला घरी बसून वारा मिळतो.''

''तुला ठाऊक होतं, काका तुझ्यासाठी बाहेर बसले होते?''

''नाही. म्हणायचे, कंबर दुखते, जरा बसतो घरी. परत गेले तेव्हा ऑस्करने सांगितलं.'' मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ''काकांवर माझा राग नाही.''

तो कोणावर आहे हे त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तिथून मी ऑस्करच्या घरी गेले. म्हणाले, आशिल उद्या पुन्हा हात वर करतो, पोराला आत घे. ऑस्करने चष्मा काढला. एकदा हात वर करून परत आलेल्याला वर्षभर पुन्हा हात वर करता येत नाही, नाहीतर माणसं हवा तेव्हा आत, हवा तेव्हा बाहेर करतील. मग दुसऱ्या कोणाला सांग, मी म्हणाले. तो म्हणाला, निधी असा खडखडत असताना आता कोण हात वर करणार? जुनेसुद्धा घाबरलेत.

''करार लिहिताना आम्ही सगळ्याचा विचार केला होता, इर्मा,'' तो म्हणाला. ''बायकोच्या संशयाचं कलम तेवढं राहिलं.''

मॅडलीन पडद्यामागे होती. तिला हे ऐकू गेलं.

साप साप म्हणून भुई धोपटली आणि घाव तुझ्या मुलाच्या पाठीत बसला. मला लाज वाटते. एवढंच लिहायचं होतं, पण एवढंच लिहून पत्र पाठवायची मला सवय नाही.

तरी एक राहिलंच. तू पहिल्या कार्डावर 'आशिल डेनिसची मुलगी सांभाळतो' असं लिहिलं असतंस तर यातलं काही झालं नसतं. आशिलने शपथ घातली होती म्हणशील. घातलीच असेल. पण मला वाटतं, मी तळमळते आहे याची तुला थोडी मजाही वाटली. खोटं असेल तर खोटं म्हण.

इर्मा


१ जानेवारी १९८१

ताई,

तुझं पत्र पोचलं. 'खोटं नाही' असं तू लिहिलंस. ते मी दोनदा वाचलं आणि मला राग आला नाही. तू कबूल केलंस तर माझंही थोडं ओझं कमी होतं, असं काहीतरी वाटलं असेल. नीट सांगता येत नाही.

इथलं तुला कॉनीने सांगितलं असेलच, तरी माझ्याकडून सांगते, कारण लोक तुला वेगळं सांगतील. पिवळ्या घराचं भाडं थकायच्या आत आशिल आणि मी तिथे गेलो. मी म्हणाले, आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, ह्यूस्टनला जाऊ नका. डेनिसने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ''कॉनी आणि लेओनी राहतील मावशी, तुमचे उपकार. मी जातो. तुमच्या टेबलाशी बसून मला जेवण जाणार नाही.'' हे त्याने अगदी शांतपणे म्हटलं, जसं कोणी म्हणतं की मला मटार आवडत नाहीत. आशिलने त्याला बसवर सोडलं. स्वतःचा वेल्डिंगचा मुखवटा त्याला दिला, नव्याला लगेच चांगला मिळत नाही म्हणून. परत आला तो गाडीतच बसून राहिला. मी बाहेर जाऊन शेजारी बसले. त्याने गाडीची कळ फिरवून हीटर माझ्याकडे वळवला.

कॉनी आता पुलापलीकडे त्याच दुकानात जाते. मूल माझ्याकडे असतं. हे लिहिताना ती माझ्या पायाशी आशिलच्या जोड्याची नाडी चघळते आहे.

आता साच्याचं.

कॉनीची खोकी वर नेताना एकाचा तळ फाटला आणि तो बाहेर पडला. मुठीला बाबांनी गुंडाळलेली तांब्याची तार तशीच, एका बाजूला आईने आपटून पाडलेला पोचा तसाच. कॉनी म्हणाली, ''सासूबाईंनी लग्नात दिला. म्हणाल्या, सांभाळ, आणि गाव बघेल असा ठेवू नकोस.'' 'साचा माझ्याकडे नाही.' तू खरंच लिहिलं होतंस. मी हे तुला आधीच सांगून ठेवलंय, तू खरं बोलून फसवतेस. बाकी सगळ्यात मी चुकले, ताई, पण साच्यात चुकले नाही, आणि ही गोष्ट मी मरेपर्यंत बोलून दाखवणार आहे.

कॉनीला मात्र काही सांगितलं नाही. काल दुपारी दोघींनी पीठ मळलं, गोळ्या केल्या. पहिली लुकेन करपली, दुसरी साच्याला चिकटली, तिसरीपासून जमलं, आईच्यासारखी पातळ, प्रकाशाला धरली तर पलीकडचं दिसेल अशी. आशिलने उभ्यानेच सहा खाल्ल्या. मग आपल्या सदऱ्याकडे बघून म्हणाला, रफूत जरा सैल पडली आहेस का गं अलीकडे? थट्टा होती. खूप दिवसांनी केली.

हे सगळं गोड वाटेल तुला. म्हणून पुढचंही लिहिते, कारण हेच लिहायला बसले होते आणि साच्याच्या मागे लपले.

काल लेओनी माझ्या मांडीवर झोपली. मी हलले नाही, पाय बधिर झाला तरी हलले नाही. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. आणि तेवढ्यात साडेतीन वाजता समोरच्या रस्त्याने कारखान्यातून सुटलेली माणसं गेली, त्यांच्या आवाजाने ती जागी झाली आणि दाराकडे बघायला लागली. पिवळ्या घरात डेनिस त्या सुमाराला यायचा. दार उघडलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं. तिचा बाप मी घालवला, आणि म्हणूनच ती या दारातून माझ्या घरात आली.

आयुष्यभर मी सगळ्यांवर संशय घेतला. तुझ्यावर, आशिलवर, खाटकाच्या तराजूवर. आता मला माझाच संशय येतो, ताई. त्या मंगळवारी, धुलाईच्या दुकानात, समोरच्या घरातून मला रडणं ऐकू आलं होतं. लहान मुलाचं. मी ते तुला लिहिलं नव्हतं. मी स्वतःला म्हणाले, शेजारचं असेल, आणि चादरी तिसऱ्यांदा मशीनमध्ये टाकल्या.

ये तू. साचा न्यायला ये, नाहीतर भांडायला ये. मागचं दार उघडं असतं, पुढच्यावर मॅडलीनचा डोळा असतो. हे मूल मला एकटीने मांडीवर घेववत नाही.

इर्मा